तेवीस नंबरचा गळा

दादाचा आवाज बसला तेव्हा बाजारातल्या लोकांना आधी बरंच वाटलं. अठ्ठावीस वर्षं तो घाऊक बाजारात लिलाव पुकारत होता आणि सगळे त्याला भोंगा म्हणत. ओट्यावर उभं राहून त्याने बोली लावली की चार गाळे पलीकडे पोत्यावर आडवा झालेला हमाल उठून बसायचा. घरी तो बायकोला हळूच काही सांगायला गेला तरी शेजारच्या तीन घरांना ते कळायचं. आता तोच भोंगा घोगरा झाला, वाऱ्यावर धरलेल्या कागदासारखा फरफरायला लागला. "भोंग्याची बॅटरी उतरली," असं म्हणून लोक हसले. दादाही हसला. हसताना त्याला मध्येच थांबून श्वास घ्यावा लागला, पण हसणाऱ्यांना ते दिसलं नाही.

दिसलं ते त्याच्या बहिणीला. घरात तिला बारकी म्हणत. पन्नाशी उलटली, केस पिकले, गुडघे बोलायला लागले, तरी दादाच्या तोंडी ती बारकीच राहिली. मोठ्या इस्पितळात मात्र ती बाई होती. तळमजल्यावर, खिडकीला काळा कागद लावलेल्या सोनोग्राफीच्या खोलीत तिने तीस वर्षं काढली होती. माणसाचं आतलं काय कुठे असतं ते तिला स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं पाठ होतं.

त्या वर्षी मोठ्या डॉक्टरांनी एक अभ्यास काढला होता. धडधाकट माणसाचं स्वरयंत्र श्वास घेताना, बोलताना, खोकताना नेमकं कसं हलतं, याचा त्यांना नकाशा करायचा होता. त्यासाठी चाळीस निरोगी माणसं हवी होती. सुई नाही, घशात दुर्बीण नाही. उताणं झोपायचं, गळ्यावर थंड जेल लावून घ्यायचं आणि सांगितलं की 'ई' म्हणायचं. बारकी गळ्यावर प्रोब, म्हणजे यंत्राची हातात धरायची मूठ, टेकवायची आणि आतल्या दोन पट्ट्या, ज्यांच्या थरथरण्यातून माणसाचा आवाज निघतो, त्या उघडताना-मिटताना पडद्यावर दिसायच्या. प्रत्येक माणसाला नंबर मिळायचा. फिल्मवर नाव नसायचं आणि फिल्मला आवाजही नसायचा. मग महिन्या-दोन महिन्यांनी, सवडीने, बारकी एकेक चित्र थांबवून पट्टीची कड माउसने रेखायची. एका माणसाची दोनशे चित्रं. डोळ्यांचं पाणी व्हायचं.

चाळीस जण काही पटकन मिळेनात. बारकीच्या मनात आलं, दादाला घालावं यात. फुकटात गळा पाहून होईल, रांगेत महिनाभर ताटकळायला नको. अभ्यासाच्या अर्जात एक प्रश्न होता, आवाजाची काही तक्रार आहे का.

"काय लिहू?" तिने विचारलं.

"नाही, असं लिही," दादा म्हणाला. "धूळ आहे गं ती बाजारातली. तक्रार म्हणजे काय, तुझ्या वहिनीला विचारलंस तर ती म्हणेल, इतकी वर्षं तक्रार होती, आता मिटली."

बारकीने 'नाही' लिहिलं. दादाला तेवीस नंबर मिळाला.

तो पलंगावर आडवा झाला. बारकी त्याच्या डोक्याशी बसली. पूर्वी ती पलंगाच्या कडेला, माणसाकडे तोंड करून बसायची. पण दिवसभर वाकून वाकून तिचा उजवा खांदा धरायला लागला होता, म्हणून मध्यंतरी तिने खुर्ची उचलून उशाशी ठेवली होती. उशाशी बसलं की दोन्ही कोपरं गादीवर टेकतात, हात हलत नाही, चित्र स्वच्छ येतं. इतकी वर्षं हे सुचलं कसं नाही, असं तिला वाटलं होतं.

"गार आहे हां," तिने सांगितलं.

"बारके, माझ्या गळ्यात तुला काय दिसणार? शिव्या दिसतील अडकलेल्या."

"बोलू नकोस. श्वास घे. आता 'ई' म्हण."

दादाने 'ई' म्हटलं. पुरुषाचं वय झालं की गळ्याची कूर्चा, ते मऊ हाड, चुन्यासारखी कडक होते, आणि मग आतलं धड दिसत नाही. दादाचा गळा मात्र काचेसारखा दिसला. दोन पट्ट्या, मध्ये काळी फट. श्वास घेतला की दोघींनी दारं उघडावीत तसं बाजूला व्हायचं आणि आवाज काढला की जवळ यायचं. एक पट्टी आली. दुसरी जागची हलली नाही. लग्नघरात रुसून भिंतीला टेकलेल्या पाहुण्यासारखी ती उभी होती, आणि हलणारी बिचारी तिच्यापर्यंत पोचायला धडपडत होती.

"पुन्हा म्हण."

"ई."

"खोक."

तो खोकला. त्या खोकल्याला धार नव्हती.

बारकीने चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. या धंद्यात पहिलं शिकतात ते हेच. तिने जेल पुसलं, दादाला उठवून बसवलं आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं.

मोठे डॉक्टर सहा वेळा फिल्म फिरवून बघून म्हणाले, "उजवी पट्टी बंद आहे." मग त्यांनी अर्ज पाहिला. "तक्रार नाही म्हणून लिहिलंय. अक्षर तुमचं दिसतंय."

"माझंच आहे."

"बरं," ते म्हणाले. त्या 'बरं'चा अर्थ बारकीला लागला नाही, आणि तिने तो लावायचा प्रयत्नही केला नाही.

पुढचं भराभर झालं. गळ्याच्या सर्जनने दादाचा गळा बोटांनी चाचपला. उजवीकडे, थायरॉइडमध्ये, वाटाण्याएवढी गाठ लागली. सुई घालून तपासली तर साधी निघाली. सर्जनने नाकातून दुर्बीण घालून बघायचा प्रयत्न केला, तर दादाने दोनदा त्यांचा हात धरला आणि तिसऱ्यांदा त्यांच्या झग्यावर ओकला. सर्जनने झगा बदलला आणि सांगितलं, "राहू द्या. फिल्म इतकी स्वच्छ आहे, दुर्बीण हवीच कशाला? गाठ उजवीकडे, पट्टी उजवीकडची बंद. गाठ पट्टी हलवणाऱ्या नसेला दाबतेय. उजवी बाजू काढून टाकू. तीन दिवसांत घरी."

वहिनीने बारकीचे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही होतात म्हणून वेळेत कळलं हो," ती म्हणाली. बारकीलाही तसंच वाटलं. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दादा वरच्या मजल्यावर दाखल झाला. बारकीचा जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून दुपारी तिने मुद्दाम हातात काम घेतलं. आत्तापर्यंत तिच्या अठरा जणांच्या कडा रेखून झाल्या होत्या. एकोणिसावी फिल्म उघडली.

एकोणीस नंबरची कुणी बाई होती. बारकीने पहिलं चित्र थांबवलं, माउस हातात घेतला आणि तशीच बसून राहिली. काहीतरी खटकत होतं, काय ते समजेना. आपल्याच घरात शिरावं आणि कुणीतरी कपाट या भिंतीचं त्या भिंतीला नेलेलं असावं, तसं वाटत होतं. तिने फिल्म शेवटपर्यंत नेली. शेवटी प्रत्येकाला ती आवंढा गिळायला लावायची आणि तेव्हा प्रोब थोडा खाली सरकवायची. आवंढा गिळला गेला, आणि श्वासनलिकेच्या मागून अन्ननलिका उमलून मिटली. ती श्वासनलिकेच्या डावीकडे दिसली. पडद्याच्या डावीकडे.

माणसाची अन्ननलिका श्वासनलिकेमागून जराशी बाहेर डोकावते, ती त्याच्या डाव्या बाजूला. आणि समोर उभ्या माणसाचा डावा हात जसा आपल्या उजवीकडे येतो, तशी त्याची डावी बाजू पडद्यावर उजवीकडे यायला हवी. इथे ती डावीकडे आली होती.

असतं एखाद्याचं उलटं, असं तिने स्वतःला सांगितलं. तीस वर्षांत तिने तशा दोघी-तिघी पाहिल्या होत्या. तिने वीस नंबर उघडला. सरळ आवंढ्यापाशी गेली. उलटं. एकवीस. उलटं. बावीस. उलटं. मागे जाऊन तिने अठरा पाहिला, सतरा पाहिला. ते सरळ होते.

ओळीने चार माणसं उलट्या अंगाची जन्माला येत नाहीत.

मग तिची नजर खुर्चीकडे गेली. खुर्ची उशाशी होती.

प्रोबला एका बाजूला बारीक खाच असते. ती खाच ज्या बाजूला, ती बाजू पडद्यावर डावीकडे. तीस वर्षं बारकीचा अंगठा ती खाच न बघता आपल्या डाव्या हाताला धरायचा. माणसाकडे तोंड करून बसलं की आपला डावा हात म्हणजे त्याची उजवी बाजू, त्यामुळे सगळं बरोबर यायचं. पण उशाशी, माणसाच्या डोक्यामागे बसलं की त्याचा डावा तो आपलाही डावा. खुर्ची हलली होती आणि अंगठा हलला नव्हता. नव्या माणसाने खाच शोधली असती, बघून धरली असती. ही चूक व्हायला तीस वर्षांचा सराव लागतो.

 तिने तेवीस उघडला. दादाने आवंढा गिळला आणि अन्ननलिका डावीकडे उमलली.

म्हणजे दादाची बंद पट्टी डावी होती. उजवी चांगली होती, आणि तो इतके दिवस त्या एकाच पट्टीवर श्वास घेत, बोलत, थट्टा करत होता. उद्या सकाळी सर्जन नेमकं तिच्याच नसेजवळ सुरी नेणार होते. बंदच आहे म्हटल्यावर त्या नसेला जपायचं तरी कशाला, असा विचार त्यांनी केला असता तर त्यात त्यांचा दोष नव्हता. आणि ती नस गेली तर दोन्ही पट्ट्या मध्ये येऊन उभ्या राहणार, फट राहणार नाही. माणूस शुद्धीवर येतो, श्वास घ्यायला जातो आणि दार लागलेलं असतं.

एवढ्यावरच ते थांबत नव्हतं. उजव्या पट्टीची नस गळ्याच्या खालून, खांद्याच्या हाडापाशी वळून वर येते. डावीचं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती मानेतून खाली उतरते, छातीत शिरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीखालून वळते आणि मग पुन्हा वर गळ्यापर्यंत येते. डावी पट्टी बंद पडली आणि गळ्यात त्या बाजूला काही नसलं, तर बघायचं कुठे ते बारकीला सांगायला डॉक्टर लागणार नव्हता. वाटाण्याएवढी गाठ आपली निवांत उजवीकडे बसली होती. तिचा यात काही संबंधच नव्हता.

तिने पडदा बंद केला आणि खोलीत काळोख झाला. बाहेर कुणीतरी दार वाजवलं. "पाच मिनिटं," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला परका वाटला.

माणूस पाण्यात पडला की आधी काठाचं गवत धरून बघतो. बारकीने सर्जनना जिन्यात गाठलं.

"डॉक्टर, उद्याच्या आधी एकदा दुर्बीण घालून बघाल का? भूल द्यायच्या आधी?"

"पुन्हा माझा झगा खराब करायचाय का तुमच्या भावाला?" ते हसत पायऱ्या उतरत राहिले. "फिल्म तुमची, खोली तुमची. तुमचाच विश्वास नाही त्यावर?"

"एकदा खात्री..."

"बाई, घरचं माणूस असलं की असं होतं. जा, चहा घ्या."

ते खाली गेले. गवत उपटून हातात आलं.

ती दादाकडे गेली. खिडकीजवळचा पलंग होता. दादा मांडी घालून बसला होता आणि शेजारच्या पेशंटला घोगऱ्या आवाजात लिलाव करून दाखवत होता. वस्तू म्हणजे दोघांमधली एकुलती एक उशी. वहिनी स्टुलावर बसून हसत होती.

"ये, ये. बोली लाव," दादा म्हणाला. "चेहरा असा का? गळा माझा कापणारेत, उतरलाय तुझा."

"दादा, जिना चढताना दम लागतो तुला?"

"बाजारात जिने कुठेत?"

"लागतो," वहिनी म्हणाली. "आणि रात्री खोकतात. मला सांगतात, सांगू नकोस."

"झालं. हिच्या तोंडाला कुलूप कुणी घालेल तर बघा. त्याची शस्त्रक्रिया नसते का गं?" तो हसला, आणि हसता हसता खोकला. तोच बोथट खोकला. बारकीने त्याच्या डोळ्यांखालचं काळं पाहिलं, सदऱ्याची गळपट्टी किती सैल झाली होती ते पाहिलं. ती रोज त्याला बघत होती. वाटाण्यावर सगळ्यांचे डोळे असताना बाकीचा माणूस कुणी पाहिलाच नव्हता.

तिथेच सांगून टाकावं असं तिला वाटलं, पण तिने सांगितलं नाही. वहिनी इतकी मोकळी हसत होती, की त्या हसण्यावर पाय द्यायचं बारकीच्याने झालं नाही.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत ती बसली नाही. उभ्यानेच बोलली. खुर्ची, खाच, अन्ननलिका, एकोणीसपासून आतापर्यंतच्या शेवटच्या, एकतीसपर्यंत सगळे. बोलताना मध्ये थांबली असती तर पुन्हा सुरू झाली नसती.

मोठे डॉक्टर बराच वेळ टेबलावरची पेन्सिल सरळ करत राहिले. पुढच्या महिन्यात त्यांना तो नकाशा घेऊन परदेशी सभेत जायचं होतं.

"तेरा जण," ते म्हणाले.

"हो."

"आणि कळलं कधी?"

"आत्ता. दुपारी."

"आणखी कुणी पाहिलंय?"

बारकीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्या प्रश्नात एक वाट होती, हे दोघांनाही समजलं होतं.

"पाहिलं नसलं तरी उद्या सकाळी सगळ्यांना दिसेल," ती म्हणाली. "टेबलावर."

"अर्जात ते 'नाही' तुम्ही लिहिलंत. फिल्म तुम्ही काढलीत. बंद पट्टी उजवी आहे हे मी लिहिलं, पण तुमच्या फिल्मवरून." ते हे रागाने म्हणत नव्हते, मोजून म्हणत होते. "चौकशी बसेल. तुमच्यावर आधी बसेल. पेन्शनला किती राहिली?"

"दोन वर्षं."

"हं."

"डॉक्टर, मी लिहून देते. आत्ता, इथेच. पण आधी फोन करा वर."

 त्यांनी फोन उचलला. सर्जन काहीतरी चढ्या आवाजात बोलत होते, ते बारकीला पलीकडून ऐकू येत होतं. मोठे डॉक्टर एवढंच म्हणाले, "माझी जबाबदारी. उद्याचं रद्द करा." आणि बारकीपुढे कोरा कागद सरकवला.

तासाभराने दादाला खाली आणलं. खुर्ची पुन्हा कडेला होती. या वेळी प्रोब मोठ्या डॉक्टरांनी धरला, खाच दोनदा बघून, अंगठ्याने चाचपून. बारकी भिंतीशी उभी राहिली. दादाने 'ई' म्हटलं. पडद्यावर उजवीकडची पट्टी गप्प उभी होती. म्हणजे दादाची डावी.

"उद्या शस्त्रक्रिया नाही," डॉक्टरांनी त्याला सांगितलं. "गाठ साधी आहे, तिला हात लावायची गरज नाही."

दादा उठून बसला, गळ्यावरचं जेल तसंच ठेवून. "म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला," तो म्हणाला. "बारके, ऐकलंस? उगाच चेहरा पाडून बसली होतीस. गळ्याला काही नाही म्हणतात."

"गळ्याला काही नाही," बारकी म्हणाली.

"मग कपडे घालू? उद्या भेंडीचे सहा ट्रक आहेत."

"छातीचा एक फोटो काढायचाय," डॉक्टर म्हणाले.

"छातीचा कशाला?"

बारकीने टॉवेल घेऊन त्याचा गळा पुसला. लहान मुलाचा पुसावा तसा, हनुवटीखालून, कानामागून. "चूक माझी होती, दादा," ती म्हणाली. "डावं-उजवं उलटं धरलं होतं मी. म्हणून पुन्हा सगळं पाहायचं."

दादा तिच्याकडे बघत राहिला. लिलावात आयुष्य काढलेला माणूस. समोरच्याच्या चेहऱ्यावरून, तो किती दडवतोय ते त्याला वाचता यायचं.  टॉवेल तिच्या हातातून घेऊन त्याने नीट घडी केली.

"वहिनीला सांग, वेळ लागेल म्हणावं," तो म्हणाला.

तो फोटो काढायची, सीटी स्कॅनची खोली बोळाच्या टोकाला. तिथला टेक्निशियन बडबड्या होता. बारकीने त्याला पोरवयात काम शिकवलं होतं, आणि कामापेक्षा गप्पाच जास्त करतो म्हणून कैकदा झापलंही होतं. त्याने दादाला फळीवर निजवलं, हात डोक्यावर घ्यायला सांगितले, बाजाराची चौकशी केली, टोमॅटो कधी उतरणार ते विचारलं. मग काचेच्या अलीकडे येऊन खुर्चीत बसला. फळी सरकत चक्रात गेली. बारकी त्याच्या मागे उभी राहिली.

चित्रं वरून खाली येऊ लागली. गळा आला, खांदे आले. टेक्निशियन टोमॅटोबद्दलच काहीतरी सांगत होता. छाती सुरू झाली, मोठ्या रक्तवाहिनीची कमान आली, आणि तो वाक्याच्या मध्येच गप्प झाला.

त्याने वळून बारकीकडे पाहिलं नाही. उलट खुर्चीवर जरा पुढे सरकून त्याने पडद्यासमोर आपली पाठ रुंद केली. बारकीने तीस वर्षं कितीतरी नातेवाइकांपुढे अशीच पाठ केली होती. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हलकेच बाजूला केलं आणि पाहिलं. कमानीखाली, डावी नस वळते तिथेच, लिंबाएवढी गाठ होती.

आतून माइकवर दादाचा आवाज आला, फाटका, पोकळ. "बारके, आहेस ना तिथे? झालं का?"

टेक्निशियनने बटणाकडे हात नेला. बारकीने तो थांबवला आणि बटण स्वतः दाबलं.

"आहे रे दादा," ती म्हणाली. "हलू नकोस. आणखी एकदा काढायचाय."